कर्जाची फाईल विकणाऱ्यांनो, हिशेब द्या

गोव्याच्या पेडणे तालुक्यात आज कर्ज मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते कर्जाबद्दल खरे बोलणारा माणूस मिळणे. मी पार्से गावात बसून कर्जाचेच काम करतो. लोकांची प्रकरणे तयार करतो, बँकेत नेतो, नाकारलेले प्रकरण कशामुळे नाकारले ते शोधतो, हप्ते थकलेल्या माणसाबरोबर बँकेत जाऊन मार्ग काढतो. याच कामावर माझे घर चालते. आणि याच कामाच्या नावाखाली या तालुक्यात जी लूट मांडली आहे, तिच्याविरुद्ध मला बोलायचे आहे. 'लोन कन्सल्टंट', 'फायनान्स सोल्युशन्स' अशा पाट्यांमागे बसलेले बहुतेक लोक सल्ला देत नाहीत, फाईल विकतात. ग्राहक फेडू शकेल का, हा प्रश्न त्यांच्या तोंडी कधी येत नाही. कारण त्यांचे पैसे कर्ज मंजूर झाल्यावर मिळतात, फिटल्यावर नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. ज्या कर्जाचा हप्ता माणसाच्या मिळकतीत बसत नाही, ते कर्ज त्याच्या गळ्यात बांधणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम सापडणार नाही. तरीही तो गुन्हाच आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी मोप्याच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्याआधीपासूनच तुये, पार्से, आगरवाडा, चोपडे, धारगळ, कोरगाव या गावांत पैशाची स्वप्ने विकली जात होती. तरुणांना सांगितले गेले की टॅक्सी घे, विमानतळ दारात आला आहे. कुणी टॅक्सी घेतली, कुणी भाड्याने द्यायला दुचाकी घेतल्या, कुणी घरामागे पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. सगळे कर्जावर. पुढे त्याच टॅक्सीवाल्यांना विमानतळावर आपला काउंटर मिळावा म्हणून आंदोलन करावे लागले. गाडीचे कर्ज मंजूर करताना प्रवासी कुठून मिळणार, हे विचारणे कुणाचे काम होते? शोरूममध्ये टेबल टाकून बसलेल्या एजंटचे होते, बँकेच्या अधिकाऱ्याचे होते. दोघांनीही विचारले नाही. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू झाला.

गोव्यात राहून कर्जाचा धंदा करणाऱ्याला इथल्या मिळकतीचे वेळापत्रक तोंडपाठ हवे. पर्यटनाचा पैसा ऑक्टोबर ते मे या काळात येतो. पावसात मोरजी-हरमलचे शॅक मोडलेले असतात, टॅक्सी अंगणात उभी असते. काजूचा पैसा उन्हाळ्यात येतो आणि उन्हाळ्यातच संपतो. हप्ता मात्र बाराही महिने, ठरल्या तारखेला. अशा माणसाला बारा सारख्या हप्त्यांचे कर्ज देताना पावसाच्या चार महिन्यांचे हप्ते आधी बाजूला काढायला सांगणे, किंवा हंगामाप्रमाणे हप्ते लावून द्या असा अर्ज बँकेकडे करणे, हे आमचे पहिले काम आहे. शेतीच्या कर्जाची फेड पिकाच्या हंगामाशी बांधता येते. मग हंगामी धंद्याची का बांधता येऊ नये? पण हे मागायचे तर बँकेत जाऊन वाद घालावा लागतो, आणि वाद घालायचे कमिशन मिळत नाही.

शेजारच्या डिचोली तालुक्याने याची किंमत आधीच मोजली आहे. खनिज वाहतुकीसाठी लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. एक फिटायच्या आत दुसरा घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा बंद पडले. घरासमोर गंजत उभे असलेले ट्रक त्या भागातून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहेत. सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणावी लागली, म्हणजे चुकीच्या कर्जाचा भार शेवटी सगळ्या गोव्यावर पडला. खाणी कुणाच्या चुकीने बंद पडल्या यावर रकानेच्या रकाने लिहून झाले. एकाच गिऱ्हाइकावर, एकाच मालावर उभ्या असलेल्या कुटुंबाला दुसरा आणि तिसरा ट्रक कर्जाने कुणी विकला, यावर कुणी लिहिले नाही. ज्यांनी विकले त्यांचे कमिशन त्यांना मिळून गेले होते. डिचोलीत जे खाणीच्या भरवशावर झाले, ते पेडण्यात विमानतळाच्या भरवशावर होऊ द्यायचे आहे का?

आता लूट नेमकी कशी होते ते आकड्यांत पाहा, कारण लुटणाऱ्याची सगळी भिस्त ग्राहकाला आकडे कळू नयेत यावर आहे. एक लाख रुपये, तीन वर्षे, 'फक्त बारा टक्के'. एजंट सांगतो तो हा दर पुष्कळदा फ्लॅट असतो. म्हणजे तिन्ही वर्षे पूर्ण लाखावर व्याज, तुम्ही अर्धी रक्कम फेडलेली असली तरी. व्याज होते ३६ हजार, हप्ता सुमारे ३,७७८ रुपये. घटत्या शिलकीवर तेच बारा टक्के लावले तर हप्ता सुमारे ३,३२१ आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. फरक सोळा हजारांहून जास्त. त्या 'बारा टक्क्यां'चा खरा वार्षिक दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि न मागितलेला विमा सुरुवातीलाच कापून घेतला, की हातात लाखही पडत नाही, व्याज मात्र पूर्ण लाखावर. हे एजंटला माहीत असते. ज्याला माहीत नाही त्याला या धंद्यात बसण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला माहीत असून तो सांगत नाही तो ठग आहे.

दुसरी लूट फीची. कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँक किंवा वित्त कंपनी एजंटला कमिशन देते. डिजिटल कर्जाच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच स्पष्ट केले की मधल्या सेवा देणाऱ्याची फी कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायची, ती कर्जदाराकडून वसूल करायची नाही. तरी आमच्याकडे 'फाईल चार्ज' घेतला जातो, वर 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून वेगळे पैसे घेतले जातात. मुद्रा योजनेच्या नावावर तर उघड फसवणूक चालते. मुद्रा ही संस्था स्वतः कुणालाही थेट कर्ज देत नाही आणि तिने कोणतेही एजंट नेमलेले नाहीत. कर्ज बँक किंवा वित्त संस्था देते. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि आधीचे तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. 'मुद्राचे मंजुरीपत्र आले आहे, आधी अमुक रक्कम भरा' असा फोन आला की समोर चोर आहे एवढे पक्के समजा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्जही ऑनलाइन आणि फुकट भरता येतो. त्यातले अनुदान पहिल्या दिवशी खिशात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात जमा होते. 'पस्तीस टक्के माफ' असे सांगून ज्यांनी लोकांना उभे केले, त्यांनी ही तीन वर्षे आणि ही अट सांगितली होती का?

तिसरी लूट सिबिलची, म्हणजे पतगुणांकाची. '६०० चा स्कोअर ७५० करून देतो' असे सांगून हजारो रुपये घेणारे आता म्हापशापासून पेडण्यापर्यंत सापडतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो मुख्यतः कर्ज वेळेवर फेडल्याने वाढतो. त्याला झटपट युक्ती नाही. अहवालात चूक असेल तर ती दुरुस्त करून घेणे हा तुमचा फुकटचा हक्क आहे. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हे सगळे सांगायला पाच मिनिटे लागतात. हेच दलाल थकबाकीदाराला 'सेटलमेंट कर, सुटशील' असेही सांगतात. सेटल केलेले खाते अहवालात 'सेटल्ड' म्हणूनच दिसते आणि पुढची बँक ते पाहून दार लावते, हे मात्र त्याला पुढचे कर्ज नाकारले जाते तेव्हा कळते.

आणि या सगळ्यांच्या खाली सावकार आहे. शेकडा पाच, महिन्याला. म्हणजे वर्षाला साठ टक्के. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार व्याज. वीस महिन्यांत घेतले तेवढे व्याजातच गेले आणि मुद्दल एक रुपयाने कमी झालेले नाही. तारण म्हणून सही केलेले कोरे चेक घेतले जातात. मग त्यात हवा तो आकडा भरायचा, चेक परत आला की कलम १३८ ची धमकी द्यायची. गोव्यात सावकारीचा २००१ चा कायदा आहे, परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. तरी तो गावागावांत चालतो आणि कोण चालवतो हे गावाला ठाऊक असते. पंचांना ठाऊक असते, पोलिसांनाही ठाऊक असते. निवडणुकीत यांच्या पैशाची मदत घेणाऱ्यांनी गरिबांच्या कर्जाबद्दल व्यासपीठावरून बोलू नये.

मोबाइलमधला सावकार त्याहून निर्दय. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीला अ‍ॅप स्टोअरवर सुमारे ११०० कर्ज अ‍ॅप आढळली, त्यातली ६०० बेकायदा. हा सावकार कर्जदाराच्या फोनमधली नावे उचलतो आणि थकबाकी झाली की बहिणीला, शिक्षकाला, देवळाच्या समितीवरच्या काकांना फोन करतो. बदनामीच्या भीतीने माणूस एक फेडायला दुसरे अ‍ॅप उघडतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा तरुणांच्या चेहऱ्यावर जी भीती असते, ती पाहिलेल्या कुणालाही 'त्याने घेतलेच का' असे म्हणवणार नाही.

पण बँकांनी हात झटकायचे कारण नाही. सावकाराचे दुकान त्यांनीच चालू ठेवले आहे. गोव्यात ठेवी भरपूर आहेत. आखातातला, जहाजावरचा, जमिनी विकलेला पैसा इथल्या शाखांत पडतो. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी ठेवींच्या साठ टक्के कर्जे द्यावीत अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा. गोव्याचे हे प्रमाण मात्र बराच काळ चाळीसच्याही खाली राहिले आहे. शंभर रुपये आमचे घेता आणि चाळीसही आमच्या माणसाला देत नाही, मग उरलेले कुणाच्या धंद्यासाठी नेता? राज्यस्तरीय बँक समितीत हा विषय निघतो, नोंद होते आणि पुढची बैठक ठरते. पेडण्यातल्या भाजीवाल्या माईला त्या नोंदीचा काय उपयोग?

नाकारण्याचे कारण तयार असते: कागद. इथल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा. कब्जेदार म्हणून आजोबांचे नाव, ते जाऊन कित्येक वर्षे झालेली. कुळाच्या रकान्यात दुसरे नाव. कुळ कायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालक मानले, पण मामलेदाराकडून खरेदीची प्रक्रिया पूर्ण झालेली नाही म्हणून बँक त्याला मालक मानत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचे घर पिढ्यान्‌पिढ्या त्याचे, पण तारण ठेवायला त्याचे नाही. त्यात गोव्याचा नागरी कायदा. पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता गहाण टाकता येत नाही. मी हा कायदा वाईट मानत नाही. बायकोला न विचारता घर गहाण टाकणाऱ्या पुरुषाला अडवणारा कायदा चांगलाच आहे. पण वारसाहक्काचे दस्त, इन्व्हेंटरीची प्रकरणे, मामलेदार कचेरीतल्या तारखा यांत जो अडकला आहे, त्याच्यासाठी बँकेकडे उत्तर नाही आणि सरकारला घाई नाही. तो सरळ शेकडा पाचवाल्याकडे जातो. कुळ-मुंडकारांची प्रकरणे रखडवणारा प्रत्येक अधिकारी आणि प्रत्येक आमदार सावकाराचा भागीदार आहे.

शिवाय जिथे कागद लागतच नाहीत तिथेही ते मागितले जातात. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेतीच्या कर्जाला ही मर्यादा जानेवारी २०२५ पासून दोन लाख आहे. तरी शाखेत गेलेल्या पोराला विचारतात, 'सरकारी नोकरीतला जामीनदार आहे का?' मग तो शेजारच्या शिक्षक दादाला गळ घालतो. दादा भिडेखातर सही करतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्याला कुणी सांगत नाही. पगारातून कपात सुरू होते तेव्हा दोन घरांचे बोलणे तुटते.

त्यात उत्तर गोव्यातल्या लोकांनी आपली वाटणारी बँकही गमावली. म्हापसा अर्बनवर २०१५ मध्ये निर्बंध आले आणि १६ एप्रिल २०२० रोजी तिचा परवाना रद्द झाला. दक्षिणेत मडगाव अर्बनचा परवाना २९ जुलै २०२१ रोजी गेला. ठेवीदारांचे हाल वर्तमानपत्रांत आले. छोट्या दुकानदाराला तोंडओळखीवर उभे करणारा काउंटर गेला, आणि ती जागा वित्त कंपन्यांनी घेतली, ही बातमी कुणी छापली नाही.

माझे व्यवसायबंधू म्हणतात, ग्राहकालाच पैसे हवे असतात, आम्ही काय करणार? खरे आहे, समोर बसलेला माणूस म्हणतो, 'माका किती मेळतले ता सांग, व्याज मागीर बघूया.' पण म्हणून तर आपण तिथे बसलो आहोत. डॉक्टरने रोग्याला हवे ते औषध देऊन चालत नाही, तसेच हे आहे. घाबरलेला माणूस रक्कम विचारतो. आपण त्याला हप्ता, एकूण व्याज, पावसाळा आणि आजारपण दाखवायचे. घरात महिन्याला येते किती, जाते किती, आधीची कर्जे किती, हे वहिनीला समोर बसवून विचारायचे, कारण घरखर्चाचा खरा हिशेब बहुधा तिलाच ठाऊक असतो. सूक्ष्म वित्तासाठी रिझर्व्ह बँकेने घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्त्यांत जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे. माझ्या मते हंगामी मिळकतीच्या घराला निम्मेही फार आहे. आकडा बसत नसेल तर 'हे कर्ज घेऊ नको' असे तोंडावर सांगायचे. सोने घरात असेल आणि गरज तात्पुरती असेल तर शेकडा पाचपेक्षा बँकेतले सोनेतारण कितीतरी बरे, हेही सांगायचे. शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्डावर वेळेत फेड केल्यास तीन लाखांपर्यंत चार टक्क्यांनी पैसे मिळतात, हे सांगितल्याशिवाय त्याला पर्सनल लोनचा अर्ज पुढे करणारा माणूस माझ्या लेखी व्यवसायबंधू नाही.

न वाचता सही घेण्याचा हा धंदा जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. न वाचलेल्या कागदावर अंगठे घेतले गेले होते, हे त्या रागाचे एक मूळ. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा असे ठरवले, म्हणजे काय लिहिले आहे ते त्याला कळावे. आज अंगठ्याऐवजी ओटीपी आहे, आणि वाचून कुणीच दाखवत नाही. मात्र नियम आपल्या बाजूला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी 'मुख्य तथ्य विवरण' देणे सक्तीचे आहे. त्यात सगळे शुल्क धरून खरा वार्षिक दर लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. पेडण्यात ते कोकणीत किंवा मराठीतच मिळाले पाहिजे. इंग्रजी न कळणाऱ्याची इंग्रजी विवरणावर सही घेणारी शाखा नियम मोडते आहे.

म्हणून वाचकांना माझे सांगणे आहे. विवरण हातात पडल्याशिवाय सही करू नका, ओटीपी देऊ नका. कोरा चेक कुणालाही देऊ नका. आगाऊ फी मागणाऱ्याला दारातून परत पाठवा. वसुलीवाला सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. केला तर नोंद ठेवा. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज फिटल्यावर घराचे कागद ३० दिवसांत परत मिळालेच पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागा. हप्ता चुकणार असे दिसले की लपू नका. ९० दिवस थकले की खाते थकीत (एनपीए) होते. त्याआधी बँकेत जाऊन बसलेल्या माणसाला मार्ग मिळू शकतो, नंतर गेलेल्याला नोटीस मिळते.

पेडण्यातल्या पंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यावेत: तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने कर्जाचे विवरण कोकणी-मराठीत द्यावे, आणि बिनपरवाना सावकारीवर मामलेदार आणि पोलिसांनी कारवाई करावी. आमदारांकडे कुळ-मुंडकारांच्या रखडलेल्या प्रकरणांची यादी मागावी आणि ती निकालात कधी निघणार याची तारीख मागावी.

आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांना शेवटचे सांगतो. आपण लोकांच्या घरांवर सही घेतो. त्या घरात उद्या चूल पेटेल की नाही, हे आपल्या आजच्या शब्दावर ठरते. ज्याला समोरच्या गरजू माणसाला 'नाही, हे कर्ज तुला झेपणार नाही' असे सांगता येत नाही, त्याने पाटी उतरवावी आणि दुसरा धंदा बघावा.